रुपिअम्माचा छायास्तंभ (पवनी)

भंडारा जिल्ह्यात पवनी येथे सापडलेला शिलालेखयुक्त स्मृतिस्तंभ. काळ अक्षरवटिकेवरून सुमारे इ. स. दुसरे शतक, लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. स्तंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात (अजब बंगला) आहे.

स्थळ : पवनी हे वैनगंगेकाठचे तटबंदीचे प्राचीन नगर. येथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये शां. भा. देव व ज. प. जोशी यांनी केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आला.

लेख : मजकूर अवघ्या एका वाक्याचा. आरंभी मंगलवाचक ‘सिद्धं’, मग ‘महाखत्तव कुमार’ (महाक्षत्रप कुमार) रुपिअम्माचा हा ‘छायाखंभ’. दिवंगताच्या स्मरणार्थ असे स्तंभ उभारण्याची चाल आंध्रातील नागार्जुनकोंड्यासही होती; तेथील इक्ष्वाकुकालीन छायास्तंभांवर शिल्पपट कोरलेले आहेत. कच्छमधील अंधौच्या स्मृतिशिळांवर चष्टन व रुद्रदामन या पश्चिम क्षत्रपांची राजवट, वर्ष ५२ (इ. स. १३०) आणि मृताच्या नातलगांची नावे आढळतात. पवनीच्या लेखात वर्ष नाही, पित्याचे वा स्तंभ उभारणाऱ्याचे नावही नाही.

चरित्र : रुपिअम्माची माहिती या लेखापुरतीच.

‘कुमार’ पदाचा प्रश्न : ‘कुमार’ हा नावाचा भाग मानल्यास रुपिअम्म स्वतः महाक्षत्रप ठरतो, राजपुत्र असा अर्थ घेतल्यास ती पदवी त्याच्या पित्याकडे जाते. दोन्ही वाचने संभवतात.

महत्त्व : पश्चिम क्षत्रपांची (शकांची) सत्ता नर्मदेच्या दक्षिणेस व पूर्वेस कुठवर पोहोचली होती, या चर्चेत हा स्तंभ अग्रस्थानी ठेवला पाहिजे. क्षत्रपांचा इतिहास बराचसा नाण्यांवर उभा आहे; पण नाणे व्यापाऱ्याच्या थैलीतून कोठेही जाते. स्मृतिस्तंभाचे तसे नाही. तो उभा राहतो तेथे मृताला मानणारी माणसे असावी लागतात. वा. वि. मिराशी यांनी या लेखावरून विदर्भात शकांची राजवट मानली. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याला नाशिकच्या लेखात ‘बेनाकटकस्वामी’ म्हटले आहे. बेनाकटक म्हणजे वैनगंगेचा प्रदेश असे मिराशींचे मत असून, त्याप्रमाणे सातवाहनांनी हा मुलूख शकांकडून जिंकून घेतला. काही अभ्यासक मात्र बेनाकटक नाशिककडेच शोधतात. ते स्थान कोठेही ठरले, तरी पवनीच्या स्तंभाचा पुरावा त्यावर अवलंबून नाही.

पवनीतील अन्य लेख : भार राजा भगदत्त याचा शिलालेख.