कॅमशाफ्टची निवड (रस्त्यावरील वाढीव क्षमतेच्या एंजिनासाठी)

फोर-स्ट्रोक एंजिनातील व्हॉल्व्ह कधी, किती वेळ व किती उंच उघडावेत, हे क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरणारा कॅमशाफ्ट ठरवतो. शेवरलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ (१९५५ पासून) एंजिनांवर, विशेषतः ३५० घन इंचाच्या (५.७ लिटर) प्रकारावर, हौशी बांधणीकारांनी ही निवड सर्वाधिक पारखली आहे.

व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा कालावधी सर्वांत महत्त्वाचा. ०.०५० इंच उचलीवर मोजल्यास सुमारे २१० ते २२५ अंश कालावधी या एंजिनाला रोजच्या वापरात मानवतो. तो वाढवला, की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. कमी वेगात आत आलेले मिश्रण काही अंशी परत ढकलले जाते आणि सिग्नलवरून निघताना लागणारा टॉर्क घटतो. म्हणूनच मोठ्या कॅमला जास्त कॉम्प्रेशन रेशो आणि, ऑटोमॅटिक गिअर असल्यास, अधिक स्टॉल-वेगाचा टॉर्क कन्व्हर्टर लागतो. इनटेक व एक्झॉस्ट लोबमधील (कॅमवरील उंचवट्यांमधील) कोन १०८ अंशांच्या आसपास असला तर ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ) वाढून आयडलिंग खडबडीत होते व ब्रेक बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम मिळत नाही. ११२ अंशांना ते शांत राहते.

उचलीनुसार व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलाव्याच लागतात. फ्लॅट टॅपेट कॅमला जस्त-फॉस्फरसयुक्त तेल अत्यावश्यक. रोलर कॅम महाग, पण कमी झिजणारा. दोन कॅममध्ये मन अडखळले, तर रस्त्यासाठी लहानच घ्यावा.