मी वनवासी
सिंधुताई सपकाळ (१४ नोव्हेंबर १९४८–४ जानेवारी २०२२) यांचे आत्मकथन. ते किशोरांसाठी लिहिलेले नाही. तरीही वऱ्हाडच्या मातीशी जोडलेल्या ज्या थोड्या पुस्तकांत मुलीला कष्टांतून स्वतःचा आवाज सापडतो, त्यांत किशोरवाचकांच्या हाती आवर्जून द्यावे असे हे पुस्तक आहे.

लेखिकेचा जन्म वर्धा जिल्ह्यातील पिंप्री मेघे येथे, गुराख्याच्या घरी झाला. घरात तिला ‘चिंधी’ म्हणत. म्हशी राखत चौथीपर्यंत शिक्षण, बालवयात लग्न. पुढे शेणाच्या मोबदल्यासाठी बायकांच्या वतीने ती बोलली आणि गावातल्या बलदंडांचा रोष ओढवला. भरल्या दिवसांत घराबाहेर काढल्यावर गोठ्यात मुलगी जन्मली. त्यानंतर रेल्वे स्थानकांवर गाणी म्हणत भीक मागणे आले. हा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण पोटासाठी गाऊ लागलेला गळाच नंतर हजारोंच्या सभांत निराधार लेकरांसाठी मदत मागू लागला.

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे या आयुष्याचे वळण. मेळघाटातील व्याघ्र प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्या आदिवासींची बाजू त्यांनी तेथे मांडली आणि मुलींसाठी सावित्रीबाई फुले वसतिगृह उभारले. त्यांच्या जीवनावर २०१० साली अनंत महादेवन यांनी ‘मी सिंधुताई सपकाळ’ हा चित्रपट काढला. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

स्त्रीच्या अशा आवाजाचा धागा आणखी मागे जातो: याच वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्येच लिहिले होते.