ईदचा चंद्र आणि वऱ्हाडची वाट



सरत्या रमजानात मुसलमानी मुलखातला प्रवास म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे अरबस्तान येते, मिसर येते. परंतु अमरावती-अकोल्याच्या माणसाला एके काळी असा प्रवास करायला समुद्र ओलांडावा लागत नव्हता. घराबाहेर पडले की झाले! १४९० मध्ये फतेहउल्ला इमादशहाने वऱ्हाडची स्वतंत्र गादी स्थापली. एलिचपूर, म्हणजे आपले आजचे अचलपूर, ही तिची राजधानी. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गादी बुडवली. १५९६ मध्ये चांदबिबीने केलेल्या तहाने वऱ्हाड मोगलांकडे गेले, १७२४ नंतर हैदराबादच्या निजामाकडे आले, आणि १८५३ मध्ये त्याचा कारभार इंग्रजांच्या हाती पडला. साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली ही. एवढ्या काळात राज्ये बदलली, पण ईद मात्र चंद्राच्याच हुकुमाने येत राहिली.

हा हुकूम कसा असतो, तो आधी पाहू. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र आहे; त्याचे दिवस सुमारे ३५४. आपला महिनाही चांद्रच, पण आपण मधूनमधून अधिक मास धरतो आणि ऋतूंशी मेळ बसवून घेतो. हिजरी गणनेत अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. शिवाय महिना एकोणतिसाचा की तिसाचा, हे चंद्र दिसल्यावर ठरायचे. तेव्हा सरत्या रमजानात वाटसरूने गावात शिरून ‘ईद उद्या का?’ असे विचारले, तर खरे उत्तर एकच मिळणार: ‘संध्याकाळी बघू.’

आता ह्या वाटेवरचा एक प्रसिद्ध वाटसरू पाहा. अकबराचा दुसरा मुलगा शहाजादा मुराद वऱ्हाडात होता. बाळापुराजवळ त्याने शाहपूर नावाचे गाव वसवले होते. अतिरिक्त मद्यपानाने त्याचे शरीर खंगले होते आणि तान्हा मुलगा दगावल्याने मनही खचले होते. त्याला परत आणण्यासाठी अकबराने जानेवारी १५९९ मध्ये अबुल फजलला रवाना केले. अबुल फजल हा राज्यातला मोठा पंडित. त्याने बुऱ्हाणपूरची वाट धरली. त्या वर्षीचा रमजान, आजच्या तारखांनी मांडला तर, मार्चअखेरीस लागतो आणि ईद एप्रिलच्या २७ तारखेच्या सुमारास येते. म्हणजे चैत्र आणि रमजान जवळजवळ जोडीनेच चालले होते. चैत्रातले आपल्याकडचे ऊन काय असते, ते मी सांगायला नको!

धर्माने ज्यांना उपवासातून सवलत दिली आहे, त्यांत आजारी माणूस आहे आणि प्रवासीही आहे. चुकलेले रोजे त्यांनी पुढे सवडीने भरून काढावेत, असा नियम. योगायोग असा, की ह्या कथेत एक आजारी आहे आणि दुसरा प्रवासी. पण दोघांची गाठ पडायची नव्हती. अबुल फजल येतोय हे कळताच, बापाकडे परत जाणे टळावे म्हणून मुराद पुन्हा अहमदनगरच्या रोखाने निघाला. ईद होऊन पंधरवडा लोटला होता. दौलताबादेपासून वीस कोसांवर, पूर्णेच्या काठी, १२ मे रोजी त्याला मृत्यूने गाठले. (अंतर पाहता ही पूर्णा गोदावरीला मिळणारी, आपली, तापीकडे जाणारी नव्हे.) अबुल फजल छावणीत पोचला तो त्याच दिवशी!

ह्याच अबुल फजलने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. चांद्र वर्षाने सारा घेतला तर रयतेवर अन्याय होतो. कारण तीस सौर वर्षांत एकतीस चांद्र वर्षे बसतात आणि पिके मात्र तीसच निघतात. म्हणूनच अकबराने सौर इलाही सन काढला, आणि पुढे दख्खनेत पिकांशी जोडलेला फसली सन चालला. सण चंद्रावर, सारा सूर्यावर. वऱ्हाडच्या पाटील-पटवाऱ्यांना दोन्ही हिशेब ठेवावे लागत, बरं का!

आता दोनशे वर्षे ओलांडून १८०३ मध्ये या. वऱ्हाडात तेव्हा दुअमल होता. महसुलात निजामाचा वाटा आणि नागपूरकर भोसल्यांचाही. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. हिशेब करून पाहा, रमजान लागला तो नेमका ह्याच सुमारास. १७ डिसेंबरचा देवगावचा तह आणि ३० डिसेंबरचा सुर्जी-अंजनगावचा तह, दोन्ही रमजानातले. देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे त्यांच्याकडे राहिले. ह्यानंतरची ईद जानेवारी १८०४ च्या मध्याला, संक्रांतीला लागूनच आली. दुअमल सरल्यावरची वऱ्हाडातली ही पहिली ईद. मुरादच्या वेळी जो महिना चैत्रात तापला, तोच ह्या वेळी थंडीने कुडकुडत होता.

तहांचे कागद दफ्तरात गेले. बांधकामे मात्र उभी आहेत. अकोल्याचा ईदगाह औरंगजेबाच्या काळचा, १६९८ च्या सुमाराचा. तो ख्वाजा अब्दुल लतीफ ह्यांनी बांधल्याचे शिलालेख सांगतो. ईदच्या नमाजाला एका वाटेने जावे आणि परतताना दुसरी वाट धरावी, अशी जुनी रीत आहे. नमाजाआधी गरिबाला फित्र्याचे दान द्यायचे, म्हणजे सणाच्या दिवशी कोणी उपाशी राहू नये. गावात आलेल्या परक्या वाटसरूने त्या गावाचे मन ओळखावे ते अशा रीतींवरून. ठाण्यावरच्या निशाणावरून नव्हे.

आणि एक सोपी खूण आपल्याही घरात टांगलेली आहे. रमजानचे शेवटचे दिवस म्हणजे आपल्या पंचांगातला वद्य पक्ष सरत आलेला असतो. अमावास्या दोघांचीही एकच! त्यानंतर पश्चिमेला जी बारीक कोर दिसते, तिला आपण बीजेची कोर म्हणतो आणि शेजारी ईदचा चंद्र. साडेतीनशे वर्षे एका गावात राहिलेल्या माणसांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. आपल्याला ते पुस्तकातून शिकायची पाळी आली, तर मात्र तोटा आपलाच आहे. तेव्हा सरत्या रमजानात अचलपूर-बाळापूरच्या बाजूला जाणे झाले, तर ईद केव्हा हे विचारण्याआधी पंचांगात अमावास्या पाहून ठेवा, आणि मग संध्याकाळी गावकऱ्यांबरोबर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा.