फेब्रुवारीत सदुसष्टावा, मार्चमध्ये सहासष्टावा

तर झालं असं, की कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकणाऱ्या माझ्या भाच्याचा रविवारी फोन आला. हवापाणी, आईची तब्येत, घोडेगावात पाऊस किती झाला वगैरे झाल्यावर म्हणाला, "मामा, एक गंमत सांगतो. आमचं विद्यापीठ पॅसिफिक महासागराच्या काठावर. आणि आता आम्ही खेळतो अटलांटिक किनाऱ्याच्या गटात!"

मला आधी कळेना. मग त्याने नीट समजावून सांगितलं. तिकडे विद्यापीठांच्या संघांचे गट असतात, त्यांना ते कॉन्फरन्स म्हणतात. पश्चिम किनाऱ्याचा गट १९१५ सालापासूनचा. त्यात शेवटी बारा विद्यापीठं होती. ३० जून २०२२ ला लॉस एंजलिसच्या दोन मोठ्या विद्यापीठांनी जाहीर केलं, की आम्ही 'बिग टेन' या दुसऱ्या गटात चाललो. दीड महिन्यात त्या गटाचा टीव्हीशी करार झाला, सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा. मग काय, ज्याला जिथे दार उघडं दिसलं तिथे तो गेला. २०२४ च्या उन्हाळ्यात जुन्या गटात दोनच विद्यापीठं उरली. बाराच्या पंगतीत दोन पत्रावळी. बर्कलीच्या पोरांना आता सामन्यासाठी बोस्टनपर्यंत जावं लागतं, चार हजार किलोमीटरच्या वर. पैसा आणतो फुटबॉल, पण पोहणारी आणि व्हॉलीबॉलवाली मुलंही त्याच गटात. विमानात बसून अभ्यास करतात म्हणे.

मी म्हटलं, "अरे, तुमचं काय घेऊन बसलास! आपल्या जिल्ह्यात दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी झाले."

त्याला वाटलं मामा चेष्टा करतोय. म्हणून हे सविस्तर लिहितोय. त्याच्यासाठी आणि नात्यातल्या ज्या मंडळींना कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठीही. (आत्या, तू वाचत असशील तर मधला इतिहास सोडून शेवट वाच. आपल्या पोराचं त्यात आहे.)

घोडेगाव बाहेरच्यांना माहीत आहे ते म्हशींच्या बाजारामुळे, नाहीतर शनिशिंगणापूरला जाताना लागणारं गाव म्हणून. आमच्या लहानपणी मात्र वर्ष मोजायचं ते यात्रेवरून, आणि यात्रा म्हणजे दुसऱ्या दिवसाचा हगामा. नगरकडे कुस्त्यांच्या मैदानाला हगामा म्हणतात. पुण्यामुंबईच्या लोकांना हा शब्द सांगितला की ते हसतात. हसू द्या. हलगी कडाडायला लागली की लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागत, मग दोन रुपये, पाच रुपये, अकरा रुपये असं करत करत दिवस कलताना मानाची शेवटची कुस्ती. तिच्यासाठी पैलवान लांबून आणलेला असे, आणि गाव त्या जोडीवर आठ दिवस आधीपासून बोलत असे.

आजोबा यात्रा कमिटीत होते. हगाम्याची वही त्यांच्याकडे असायची. एका बाजूला घरटी वर्गणी, दुसऱ्या बाजूला इनाम, मंडप, हलगीवाले, पैलवानांचं जेवण. एका वर्षी गावात दोन पार्ट्या पडल्या आणि एकाच दिवशी दोन हगामे झाले, एक ओढ्याच्या अलीकडे, एक पलीकडे. त्या वर्षी पैलवानांची चंगळ झाली. दोन्हीकडे इनाम वाढवलेलं, कारण पलीकडच्यापेक्षा आपला हगामा मोठा दिसला पाहिजे. आमच्या आळीतला एक पैलवान सकाळी अलीकडे लढला आणि दुपारी पलीकडे. आजोबा मात्र रात्री वही मिटून म्हणाले, "पैका दुप्पट गेला अन् कुस्ती निम्मी झाली." मला तेव्हा ते चिडलेले वाटले होते. आता वाटतं, ते नुसता हिशेब सांगत होते.

आता जरा मोठा हिशेब.

कुस्तीला पूर्वी राजाश्रय होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात पैलवान सांभाळले, खासबाग मैदान उभं केलं, ते १९१२ साली. पुढे संस्थानं गेली. कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. पैलवानाचा खुराक कोण घालणार, हा प्रश्न उघड्यावर आला. त्यानंतर चार वर्षांनी, १९५३ मध्ये, मामासाहेब मोहोळ यांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन केली. १९६१ पासून 'महाराष्ट्र केसरी' किताब सुरू झाला. पहिली स्पर्धा औरंगाबादला झाली आणि पहिले मानकरी दिनकर दह्यारी. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की राजाच्या जागी यादी आली. जिल्ह्याजिल्ह्यातल्या तालमींचे संघ, त्यांची निवड चाचणी, मग राज्याची स्पर्धा. गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता शेवटी समोरासमोर. कुठल्याही गावातल्या पोराला ही शिडी दिसत होती, आणि शिडी एकच होती.

पैसा मात्र यादीतून येत नाही. तो आणला सहकाराने. आमच्याच जिल्ह्यात प्रवरेला १९५० साली साखर कारखाना निघाला, मग राज्यभर निघत गेले, आणि कारखान्यांचे पुढारी हे मैदानांचे नवे राजे झाले. वारणेचं मैदान पाहिलेल्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. राजे बदलले तरी केसरी एकच राहिला, कारण किताब देणारी परिषद एकच होती.

भाच्याने कॉलेजचा विषय काढला म्हणून हेही सांगून टाकतो. गटांची उलथापालथ आपल्याकडेही झाली आहे, फक्त पैशासाठी नाही. पुणे विद्यापीठ १९४९ ला निघालं तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर सगळं त्यातच. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं आणि तिकडची कॉलेजं एका झटक्यात वेगळी. पुण्याच्या कुस्ती संघाचं त्या दिवशी काय झालं असेल ते सांगायला नको! १९९० मध्ये जळगावला वेगळं विद्यापीठ झालं, तेव्हा खानदेश गेला. आमचा नगर जिल्हा पुण्यातच राहिला. पण प्रत्येक वेळी नकाशा सरकारने कायद्याने बदलला. कोणी जास्त पैसे दाखवले म्हणून कोल्हापूरने पुणे सोडलं नाही.

आता येतो २०२२ वर.

त्या वर्षी एप्रिलमध्ये साताऱ्याला स्पर्धा झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने गदा जिंकली. कोल्हापूरला एकवीस वर्षांनी मान मिळाला, मिरवणुका निघाल्या. आणि मग त्या पोराने सांगितलं, की गदा मिळाली पण रोख बक्षीस काही मिळालं नाही. मला आठवतंय, पेपरात वाचलं तेव्हा हातातला चहा तसाच राहिला होता. राज्यातला सगळ्यात मोठा किताब, आणि घरी नेलं काय, तर चांदीची गदा. गदा मोलाचीच, पण तिचं दूध निघत नाही.

त्याच वर्षाच्या मध्यावर, म्हणजे तिकडे लॉस एंजलिसवाले गट सोडत होते साधारण त्याच दिवसांत, भारतीय कुस्ती महासंघाने परिषद बरखास्त केली. परिषदेचे अध्यक्ष शरद पवार होते. महासंघाने मान्यता दिली ती नव्या कुस्तीगीर संघाला, त्याचे अध्यक्ष भाजपचे खासदार रामदास तडस. परिषद गप्प बसणार नव्हतीच. वाद कोर्टात गेला. (इथे राजकारण लिहायचं नाही असं मी घरात कबूल केलं आहे. पण कुस्तीवर लिहायचं आणि राजकारण टाळायचं म्हणजे लांग न घालता आखाड्यात उतरण्यासारखं आहे.)

आणि जानेवारी २०२३ मध्ये, वाद चालू असतानाच, पुण्यात कोथरूडला स्पर्धा झाली. शिवराज राक्षे जिंकला. बक्षीस काय? थार गाडी आणि रोख पाच लाख. हरलेल्या महेंद्र गायकवाडला ट्रॅक्टर! नऊ महिन्यांपूर्वी नुसती गदा, आणि आता उपविजेत्याच्या दारात ट्रॅक्टर.

मी या फाटाफुटीवर तोंडसुख घेणार होतो, पण इथे मला थांबावं लागलं. अमेरिकेतही असंच झालं आहे. शंभर वर्षं कॉलेजचे खेळाडू 'हौशी' म्हणून फुकट खेळले. प्रशिक्षक श्रीमंत झाले, मैदानं उभी राहिली, पोरांना शिष्यवृत्तीपलीकडे दमडी नाही. गटांची ओढाताण टोकाला गेली त्याच वर्षांत कोर्टाने दारं उघडली, आणि २०२५ च्या तडजोडीनंतर एकेक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना वर्षाला मिळून दोन कोटी डॉलरपर्यंत देऊ शकतं. जुनं घर एक होतं तेव्हा सुंदर होतं खरं, पण त्या घरात पोरं उपाशीही होती. दोन दुकानं समोरासमोर आली की गिऱ्हाइकाला किंमत येते. आमच्या आळीतल्या त्या पैलवानाला विचारा.

पण मग किताबाचं काय झालं तेही बघा.

नोव्हेंबर २०२३. पुण्याजवळ फुलगावला संघाची स्पर्धा. अंतिम लढतीत सिकंदर शेखने शिवराज राक्षेला बघता बघता चितपट केलं. त्याच महिन्यात धाराशिवला परिषदेची स्पर्धा. तिथे त्याच शिवराजने हर्षवर्धन सदगीरला हरवून किताब घेतला. म्हणजे एकाच महिन्यात एकच पैलवान महाराष्ट्र केसरीची कुस्ती हरला आणि महाराष्ट्र केसरी झालाही. दोष त्याचा नाही. जिथे आखाडा तिथे तो लढला.

आणि २०२५ मध्ये हे सगळं आमच्या जिल्ह्यात आलं. फेब्रुवारीच्या २ तारखेला नगरच्या (हो हो, अहिल्यानगरच्या, बोटांना अजून सवय नाही) वाडिया पार्कवर संघाच्या स्पर्धेची अंतिम लढत. मी गेलो होतो. गर्दी अशी, की पाय ठेवायला जागा नाही. उपांत्य कुस्तीत पंचांच्या निर्णयावरून शिवराज चिडला आणि त्याने पंचांना लाथ मारली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड निर्णय न पटून आखाडा सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी. पृथ्वीराज मोहोळ विजयी, पुन्हा थार गाडी. माझ्या शेजारी एक म्हातारबाबा बसले होते, डोक्याला गुलाबी फेटा. ते उठताना एवढंच म्हणाले, "आमच्या वक्ताला पंच म्हंजी देव." ही झाली सदुसष्टावी स्पर्धा.

मार्चच्या अखेरीला कर्जतला परिषदेची स्पर्धा. सोलापूरच्या वेताळ शेळकेने पृथ्वीराज पाटीलला हरवलं. (दोन्ही अंतिम लढतींत एकेक पृथ्वीराज, त्यामुळे आमच्या चावडीवर आठवडाभर गोंधळ.) आणि ही स्पर्धा सहासष्टावी! म्हणजे जिल्ह्यात आधी सदुसष्टावी झाली आणि मग सहासष्टावी. नगरच्या स्पर्धेमागे शहराचे आमदार संग्राम जगताप, कर्जतच्या मागे तिथले आमदार रोहित पवार. दोघांच्या राष्ट्रवादीही वेगवेगळ्या. ओढ्याच्या अलीकडे आणि पलीकडे.

वरच्या महासंघाची कथा तर याहून वाईट. निवडणूक वेळेत झाली नाही म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेने त्याला निलंबित केलं, आणि पुढच्याच महिन्यात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले पैलवान तिरंग्याशिवाय उतरले. अंतिम पंघालने तिथे कांस्यपदक जिंकलं. डिसेंबरात निवडणूक झाली, तर तीन दिवसांत क्रीडा मंत्रालयाने नवी कार्यकारिणी निलंबित केली. ते निलंबन उठलं मार्च २०२५ मध्ये. म्हणजे कोणाची मान्यता खरी हे सांगणाराच मधल्या काळात मान्यतेवाचून होता.

आता आत्यासाठी. आपल्या चुलतभावाचा धाकटा नगरला तालमीत आहे, कॉलेजही तिथेच. घरची एक म्हैस त्याच्याच नावावर आहे, तिचं दूध डेअरीला जात नाही. बापाने यंदा कांद्याच्या पैशातून त्याचा खुराक चालवला. हे पोर महाराष्ट्र केसरी होणार नाही हे त्यालाही माहीत आहे. त्याला हवी आहे पोलिसातली नोकरी. सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के जागा असतात, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि त्याची पडताळणी होते. परवा तो मला विचारत होता, "नाना, दोन्हीकडं चाचणी आहे. कोणाकडं लढू? उद्या हे प्रमाणपत्र चालत नाही म्हणले तर?"

थारवाल्यांना हा प्रश्न पडत नाही. त्यांना दोन्हीकडून बोलावणं येतं. मी त्याला काय सांगणार? मी वस्तादांना विचारलं. ते म्हणाले, दोन्हीकडं लढव. कॉलेजच्या खेळाच्या सरांना विचारलं. ते हसून म्हणाले, "विद्यापीठाचा संघ तरी अजून एकच आहे. आधी तिथं येऊ द्या."

तर सध्या तो विद्यापीठाच्या चाचणीची तयारी करतोय. वजन गटापेक्षा तीन किलो जास्त भरतंय, म्हणून रात्रीची भाकरी बंद केली आहे, आणि त्याची आई त्याबद्दल माझ्याशी बोलत नाही.