प्रत्यक्षदर्शीची स्मृती व साक्ष

डोळ्यांदेखत घडलेल्या प्रसंगाचे न्यायालयात आठवणीवरून केलेले कथन. स्मृती पाहिलेले जसेच्या तसे साठवत नाही. आठवताना ती दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि मधल्या काळात ऐकलेले, विचारलेले, दाखवलेले तीत बेमालूम मिसळते. एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात प्रश्नातले एक क्रियापद बदलताच चित्रफितीतल्या मोटारींचा सांगितलेला वेग बदलला.

अशा आठवणीवरून साक्षीदार संशयिताला ओळखू शकतो का, हे पाहण्यासाठी ओळख परेड असते. अमरावती, अकोल्यासह महाराष्ट्रभर ती मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेनुसार, बहुधा तुरुंगात होते : एका संशयितासोबत रांगेत किमान अर्धा डझन माणसे, दिसायला मिळतीजुळती, पोलीस बाहेर. परेड लांबली किंवा साक्षीदाराला आरोपी आधीच दिसला, तर तिची किंमत घसरते. मूळ पुरावा मात्र न्यायालयातली ओळखच. हे काहीसे उफराटे आहे, कारण तिथे आरोपी पिंजऱ्यातच उभा असतो.

ओळख कशी भरकटते याचे एक उदाहरण : नाशिकच्या सत्र न्यायालयात चाललेल्या, २००३ च्या दरोडा व खून खटल्यात बचावलेल्या साक्षीदाराने सुरुवातीलाच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळीच माणसे ओळखली होती. त्यांचा तपास झाला नाही. पुढे भटक्या जमातीतील सहा जणांकडे बोट दाखवले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले आणि राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली.