ऑफिसची ट्रिप, विष्णूचं देऊळ आणि एक जुनी पायवाट

आजचा एपिसोड क्लॅरेन्स डटन नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याचा. हा माणूस दारूगोळा खात्यात नोकरीला, पण वेड दगडांचं. १८७५ मध्ये लष्करानं त्याला सरकारी भूगर्भ सर्वेक्षणासाठी चक्क उसना दिला. म्हणजे नोकरी लष्कराची आणि काम युटा-अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी घळींमध्ये भटकायचं. आपण ऑफिसच्या ट्रिपला दोन सुट्ट्या जोडतो ना, त्याचा हा पणजोबाच म्हणा.

सर्वेक्षणाचा प्रमुख होता जॉन वेस्ली पॉवेल. सिव्हिल वॉरमध्ये त्याचा उजवा हात गेला होता. तरी १८६९ मध्ये तो ४ होड्या घेऊन कोलोरॅडो नदीच्या प्रवासाला निघाला. सुरुवातीला त्याच्यासह १० जण होते, ग्रँड कॅन्यनमधून बाहेर पडले ६. पॉवेलवर वेगळा एपिसोड करावा लागेल, म्हणून इथे थांबतो.

डटननं मात्र कॅन्यन वरून, कड्यावरून पाहिली. सोबत विल्यम हेन्री होम्स हा चित्रकार. १८८२ मध्ये डटनचा ग्रंथ आला, आणि त्यात आपल्या कानांना दचकवणारी नावं आहेत. कॅन्यनमधले सुटे उभे डोंगर त्याला पूर्वेकडच्या देवळांसारखे दिसले, म्हणून एकाचं नाव 'विष्णू टेंपल', दुसऱ्याचं 'शिवा टेंपल'. पुढे बाकीच्यांनीही तोच कित्ता गिरवला. ब्रह्मा आला, बुद्ध आला, झरतुष्ट्र आला. तळातल्या काळ्या खडकालाही भूगर्भशास्त्रात नाव पडलं 'विष्णू शिस्ट'. वय साधारण १७५ कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे याच्यापुढे अगदीच पोरगा!

मध्यंतरी मार्चमध्ये कामानिमित्त लास वेगासला गेलो होतो. तिथून दक्षिण कडा साधारण ४५० किलोमीटर. शनिवार-रविवार जोडला, गाडी भाड्यानं घेतली आणि ब्राइट एंजल ट्रेलनं खाली उतरलो. आपल्याकडे गड आधी चढायचा, दमलो की परत फिरायचं. इथे उलटं आहे. आधी मजेत उतरायचं आणि पाय थकले की चढण सुरू. म्हणूनच एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, असं पार्कवाले बजावतात. मी प्लॅटो पॉइंटवरूनच खालचा विष्णू शिस्ट पाहिला. वर वाटेवर बर्फ होता, खाली जॅकेट काढावं लागलं.

आपल्या देवांची नावं तिथे पाहून छाती फुगते, खोटं कशाला बोलू. पण मी ज्या वाटेनं उतरलो, ती डटनची नव्हती आणि पार्कचीही नव्हती. हवासुपाई लोक त्या वाटेनं खालच्या झऱ्याकडे जायचे, तिथे शेती करायचे. नंतर राल्फ कॅमेरॉन नावाच्या गृहस्थानं तिच्यावर हक्क सांगितला आणि माणशी १ डॉलर टोल लावला. १९१९ मध्ये नॅशनल पार्क झालं. १९२८ मध्ये पार्कनं त्या झऱ्याजवळच्या शेवटच्या हवासुपाई रहिवाशालाही हुसकावून लावलं. जागेचं नाव उरलं 'इंडियन गार्डन'. माणसं घालवायची आणि पाटीवर ठेवायची, हा प्रकार मला तरी फार खटकतो.

१९३७ ची गंमत ऐका. शिवा टेंपलच्या माथ्यावर बाकी जगापासून तुटलेले वेगळे प्राणी असतील, अशा आशेनं न्यूयॉर्कच्या म्युझियमची टीम वर चढली. नवीन प्राणी काही मिळाला नाही. सापडल्या त्या जुन्या मूळनिवासींच्या खुणा, आणि कोडॅकच्या फिल्मचं रिकामं खोकं! एमरी कोल्ब हा तिथलाच फोटोग्राफर आधीच जाऊन आला होता.

हवासुपाईंना १९७५ मध्ये कायद्यानं सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन परत मिळाली. झऱ्याच्या जागेचं नाव बदलायला मात्र २०२२ उजाडलं. आता तिथे 'हवासुपाई गार्डन्स' आहे. त्यांचं गाव सुपाय, बाजूच्या एका घळीत. तिथे गाडीरस्ता नाही. पायी जा, घोड्यावर जा, नाहीतर हेलिकॉप्टरनं. टपाल आजही खेचरांवरून येतं.