नांदायला जाण्याचा हुकूम

मुलगी सासरी नांदायला जात नसेल तर आपल्याकडे काय होतं, ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. वाकड असो की आणखी कुठलं गाव, चार वडीलधारी बसतात, दोन्ही घरांची गाऱ्हाणी ऐकतात, कुणाला समजावतात, कुणाला दटावतात. जमलं तर पाठवणी होते, नाही तर काडीमोड. पण नांदायला गेली नाही म्हणून बाईला तुरुंगात धाडा, असं आपल्या जुन्या पंचांना सुचलं नव्हतं. ते इंग्रजी कायद्याबरोबर आलं.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईतला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या ज्ञातीत त्याला आडकाठी नव्हती. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी या तरुणाशी झालं. त्या माहेरीच राहिल्या आणि सावत्र वडिलांच्या आधाराने शिकत राहिल्या. दादाजींचं शिक्षण मात्र पुढे सरकेना. वयात आल्यावर रखमाबाईंनी नांदायला जायचं साफ नाकारलं. तेव्हा १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला: माझी बायको माझ्या ताब्यात द्या.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. ही दोघं कधी एकत्र नांदलीच नाहीत, मग परत नांदवायचं कसलं, असा त्यांचा रोख होता. शिवाय हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नाही, विलायतेतला आहे, असंही त्यांनी म्हटलं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे ‘धर्म बुडाला’ अशी ओरड झाली ती याच निकालावर! ‘केसरी’ने रखमाबाईंवर टीकेची झोड उठवली. बेहरामजी मलबारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी उत्तर दिलं, तुरुंग पत्करीन.

आता शिक्षक मंडळींनी वर्गात जरूर सांगावी अशी एक गोष्ट. विलायतेत जॉर्जिना वेल्डन या बाईंनी आपल्या नवऱ्याविरुद्ध असाच हुकूम मिळवला होता. नवरा काही परतेना. पुरुषच तुरुंगात जायची पाळी आली, तेव्हा पार्लमेंटनं १८८४ मध्ये तिथली ती शिक्षा काढून टाकली. म्हणजे पाहा, दादाजींनी इथे दावा लावला त्याच साली! आपल्याकडे मात्र ती शिक्षा १९२३ पर्यंत कायद्यात राहिली.

रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूम बजावण्याचा हट्ट सोडला. त्यांनी दुसरं लग्न केलं. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या, तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, आणि डॉक्टर होऊन परतल्यावर सुरत व राजकोट इथल्या बायकांच्या इस्पितळांत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं.

१९०४ मध्ये दादाजी वारले. आणि ज्या नवऱ्याच्या घरात एक दिवस नांदल्या नाहीत, त्याच्यामागे रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. यावर हसू नका. बाळपणी लागलेलं ते लग्न कोर्टाने मोडलं नव्हतं, तडजोडीनेही मोडलं नव्हतं; पैसे देऊन सुटका झाली ती फक्त हुकुमातून. हिंदू बाईला कायद्याने घटस्फोट मागण्याची वाट तेव्हा नव्हतीच.

ती वाट मुंबई राज्यात १९४७ च्या कायद्याने आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने खुली झाली. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात ‘परत नांदायला या’ हा जुना दावाही ठेवला आहे. तो नवरा किंवा बायको कुणीही लावावा; फरक एवढाच की आता तुरुंग नाही. तो कायदा मे महिन्यात लागू झाला. रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरात, एक्याण्णवाव्या वर्षी वारल्या.